प्रश्न तुमचे : विमानाचा भरवसा कोणाच्या सहीवर?

नाशिकच्या ओझर विमानतळाहून विमानसेवा वाढली तशी या सदराकडे येणाऱ्या पत्रांची जातही बदलली. पूर्वी लोक तिकीट आणि सामानाबद्दल विचारत. जून २०२५ मधल्या अहमदाबादच्या अपघातानंतर बहुतेक पत्रांचा रोख एकच असतो : विमानात बसायचं ते कोणाच्या भरवशावर, आणि काही झालंच तर जबाबदार कोण? सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (नाशिकरोड) : अहमदाबादच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल वाचला. इंधनाचे स्विच बंद झाले असं त्यात आहे, पण दोष कोणाचा हे कुठेच नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र निकाल लागून गेलाय. अहवाल मुद्दाम गुळमुळीत लिहिलाय का?

उत्तर : गुळमुळीत नाही, अपुरा आहे, आणि प्राथमिक अहवाल अपुराच असतो. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टानुसार अपघातानंतर तीस दिवसांत तो द्यायचा असतो. हाती लागलेली वस्तुस्थिती तेवढी त्यात येते, कारणमीमांसा येत नाही. अपघात १२ जूनचा, अहवाल १२ जुलैचा.

त्यात नेमकं काय आहे ते पाहा. विमानानं दुपारी १ वाजून ३८ मिनिटं ३९ सेकंदांनी जमीन सोडली. तीन सेकंदांत वेग १८० नॉटवर पोचला आणि लगोलग दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच, साधारण एका सेकंदाच्या अंतरानं, 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले. आवाजाच्या नोंदीत एक वैमानिक दुसऱ्याला इंधन का बंद केलं असं विचारतो, दुसरा आपण केलं नसल्याचं सांगतो. कोणता आवाज कोणाचा, हे अहवालात नाही. सुमारे दहा सेकंदांनी पहिला स्विच परत 'रन'वर आला, आणखी चार सेकंदांनी दुसरा. इंजिनं पुन्हा पेटली. एक सावरू लागलं होतं, दुसऱ्याची घसरण थांबली नाही. जमीन सोडल्यापासून नोंद संपेपर्यंत सगळी मिळून ३२ सेकंद. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले.

हे स्विच सहज धक्का लागून हलणारे नसतात. गुंडी स्प्रिंगविरुद्ध वर उचलायची, खाचेवरून पलीकडे न्यायची आणि सोडायची, अशी रचना असते. म्हणून अनेकांनी थेट माणसावर बोट ठेवलं. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही बोईंग ७३७ विमानांवर ही खाचेची अडवणूक निकामी असलेले स्विच बसवलेले आढळल्यानं अमेरिकी नियामकानं २०१८ मध्ये तपासणीची सूचना काढली होती. अपघातातल्या बोईंग ७८७ चा स्विचही तशाच रचनेचा. सूचना ऐच्छिक होती आणि विमान कंपनीनं ती तपासणी केली नव्हती. ज्या भागावर हे स्विच असतात तो थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांचा, संच या विमानावर २०१९ आणि २०२३ मध्ये बदललेला होता, मात्र त्याचं कारण स्विच नव्हतं, आणि २०२३ नंतर स्विचबद्दल तक्रारीचीही नोंद नाही. म्हणजे एका बाजूला हाताची शक्यता, दुसऱ्या बाजूला यंत्राची. दोन्हींतली कुठली खरी, हे तीस दिवसांत मिळालेल्या माहितीवर ठरवायचं नसतं.

आता दोषाचं. अपघात झाला की तीन वेगळ्या वाटांनी काम सुरू होतं आणि पत्रांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ दिसते. अपघात अन्वेषण विभागाचं काम 'हे पुन्हा होऊ नये' एवढंच, दोष ठरवणं त्याच्या कक्षेबाहेर. भरपाई हा दिवाणी मामला. गुन्हा घडला का, हे पोलीस आणि फौजदारी न्यायालय पाहतं. पहिलं काम बाकी दोघांपासून लांब ठेवतात कारण अन्वेषकासमोर बोलणाऱ्या अभियंत्याला आपला प्रत्येक शब्द उद्या आरोपपत्रात दिसेल असं वाटलं, तर तो वकील घेऊन येईल आणि तोंड मिटून बसेल. मग कारणही कळत नाही आणि दोषीही सापडत नाही. ग्रुपवरच्या निकालात मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, एवढं तरी ध्यानात ठेवावं.

प्रश्न (सिन्नर) : ओझरहून काही वेळा पंख्याचं विमान असतं. घरचे म्हणतात जुनं तंत्र आहे, मुंबईला जाऊन मोठं विमान धर. खरंच फरक पडतो का?

उत्तर : या पंख्याच्या विमानाचा, म्हणजे एटीआर-७२ चा, पंखा फिरवणारं इंजिन टर्बाइनच असतं, जेटच्याच कुळातलं. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेग आणि पंचवीस हजार फुटांखालचं उड्डाण, यामुळे ते ढगांवरून जाण्याऐवजी ढगांतून जातं. पावसाळ्यात हादरे जास्त बसतात ते म्हणून. हादरे म्हणजे धोका नव्हे, पट्टा बांधून बसावं. पंख मोडेल ही भीती तर सोडूनच द्या. प्रवासी विमानाच्या पंखाला आयुष्यात येऊ शकेल त्या कमाल भाराच्या दीडपट भार देऊन, तो किमान तीन सेकंद टिकतो हे दाखवावं लागतं. १९९५ मध्ये बोईंग ७७७ चा चाचणीतला पंख १५४ टक्क्यांना मोडला होता.

या विमानाच्या खऱ्या अडचणी दुसऱ्या आहेत. एक म्हणजे बर्फ : ते बर्फ धरणाऱ्या उंचीवर जास्त वेळ असतं, त्यामुळे अशा हवेत ठरलेल्या किमान वेगाखाली न जाणं आणि वेळेत उंची बदलणं हे वैमानिकाच्या शिस्तीवर असतं. दुसरी, चालकाची कळ चुकण्याची. १५ जानेवारी २०२३ ला नेपाळमध्ये पोखऱ्याला एटीआर-७२ पडलं, ७२ जण गेले. उतरताना फ्लॅपचा, म्हणजे पंखामागच्या पट्ट्यांचा, दांडा ओढायच्या जागी शेजारचे प्रोपेलरचे दांडे मागे ओढले गेले. पात्यांची धार वाऱ्याच्या दिशेला वळली, ओढ संपली, आणि इंजिनं फिरत असूनही विमान थांबल्यासारखं झालं. 'हात चुकला' असं म्हणून तपास तिथे थांबला नाही. त्यानंतर पुढचे प्रश्न आले : दांडा हलवण्याआधी तो बघून, बोलून खात्री का झाली नाही? नवा विमानतळ, नवा उतरण्याचा मार्ग आणि प्रशिक्षणाचं उड्डाण हे सगळं एकाच वेळी का? जबाबदारी शोधायची तर हे प्रश्न विचारावे लागतात.

केवळ पंख्याच्या भीतीनं कसारा घाट उतरून मुंबई गाठणार असाल, तर सगळ्या प्रवासातला जास्त जोखमीचा तुकडा तो घाटच.

प्रश्न (अंबड एमआयडीसी) : आमच्या कारखान्यात एका मोठ्या पुरवठादारासाठी विमानाच्या भागांचे बोल्ट आणि बुश बनतात. मी क्वालिटीला आहे. आमच्याकडून एक तुकडा खराब गेला आणि काही झालं, तर जबाबदारी आमची, पुरवठादाराची की विमान बनवणाऱ्याची?

उत्तर : साठच्या दशकापासून ओझरला मिग आणि पुढे सुखोई बनत आल्यानं अंबड-सातपूरच्या बऱ्याच युनिटांना हे काम नवं नाही. पण लष्करी कामाची मान्यता वेगळ्या यंत्रणेकडून येते आणि नागरी विमानाची वेगळ्या. एकीकडे चालतं म्हणून दुसरीकडे चालेल असं गृहीत धरू नका.

कायद्यानं उत्पादनाची मान्यता ज्याच्या नावावर, तो विमान किंवा इंजिन बनवणारा, पहिला उत्तरदायी. त्याला 'माल बाहेरून आला' म्हणून हात वर करता येत नाहीत. मात्र कराराप्रमाणे जबाबदारी साखळीतून खाली येते, आणि खाली येताना ती कागदावरून येते. तुमचा कागद चोख असेल तर दोष कुठे शिरला ते एका दुपारी सापडतं. नसेल तर संशय सगळ्या लॉटवर आणि सगळ्या उडणाऱ्या विमानांवर जातो.

कागद म्हणजे काय, ते नेमकं सांगतो. बारचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या ओतीचा क्रमांक, पोलाद गिरणीच्या दाखल्याशी जुळला पाहिजे, आणि बार कापल्यावर उरलेल्या तुकड्यावरही तो नंबर परत टाकला गेला पाहिजे. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो : नंबर असलेलं, निळा रंग लावलेलं टोक आधी कापलं जातं आणि उरलेला बार निनावी होतो. पहिल्या नगाची पूर्ण तपासणी ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक देऊन करायची. मशीन बदललं, कारखान्याची जागा बदलली, फिक्स्चर बदललं किंवा उत्पादन दोन वर्षं बंद होतं, तर ती पुन्हा करायची. मोजमापाच्या साधनांचं कॅलिब्रेशन संपलेलं सापडलं तर नुसता नवा स्टिकर लावून भागत नाही, मागच्या तारखेपर्यंत त्या साधनानं तपासलेला माल शोधावा लागतो.

सगळ्यात जास्त जपायची ती बाहेर पाठवलेली प्रक्रिया : उष्णोपचार आणि प्लेटिंग. जास्त ताकदीच्या पोलादावर कॅडमियम चढवताना हायड्रोजन धातूत शिरतो. तो काढायला नग भट्टीत भाजावे लागतात, साधारण १९० अंश सेल्सिअसला, प्लेटिंगनंतर बहुधा चार तासांच्या आत भट्टीत घालून. काही स्पेसिफिकेशनमध्ये हे भाजणं २३ तासांचं आहे. अंतिम शब्द तुमच्या ड्रॉइंगचा. भट्टी भरलेली आहे म्हणून ट्रे रात्रभर बाहेर राहिला, तर बोल्ट दिसायला झकास, कडकपणा बरोबर, माप बरोबर, आणि भाराखाली काही तासांनी किंवा काही आठवड्यांनी डोक्याखाली कडकन तुटणारा. अंतिम तपासणीच्या टेबलावर हा दोष दिसत नाही. म्हणून प्लेटिंगवाल्याकडून नुसता दाखला घेऊ नका. टाकीतून काढल्याची आणि भट्टीत घातल्याची वेळ, भट्टीचा आलेख, आणि सतत भाराखाली ठेवलेल्या खाचेच्या नमुन्यांच्या चाचणीचा निकाल मागा.

कागद खोटा असला तर काय होतं तेही पाहा. २०२३ मध्ये लंडनच्या एका दलाल कंपनीनं सीएफएम-५६ इंजिनांचे सुटे भाग बनावट प्रमाणपत्रांसह जगभर विकल्याचं उघड झालं. पोर्तुगालमधल्या देखभाल अभियंत्यांना 'नवा' म्हणून आलेला भाग वापरलेला वाटला, त्यांनी प्रमाणपत्र इंजिन बनवणाऱ्याकडे पाठवलं, आणि ती सही त्यांची नव्हतीच असं कळलं. मग जगभर इंजिनं उघडून भाग काढावे लागले.

आणि कागदच नसला तर? ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला पॅनेल सुमारे पंधरा हजार फुटांवर उडून गेला. सुदैवानं कोणी दगावलं नाही. पॅनेल वर सरकू नये म्हणून चार बोल्ट असतात. चारही नव्हते. कारखान्यात जवळच्या खराब रिव्हेटांच्या दुरुस्तीसाठी पॅनेल उघडला होता, पण उघडल्याची नोंदच केली गेली नाही. नोंद नाही म्हणून बंद केल्याची तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून बोल्ट नाहीत हे कोणाला कळलं नाही. बोल्ट बनवणाऱ्याचा इथे काडीचा दोष नव्हता. अमेरिकी अन्वेषण मंडळानं २०२५ मध्ये ठपका ठेवला तो बोईंगच्या प्रशिक्षण, सूचना आणि देखरेखीवर, शिवाय नियामकाच्या ढिल्या लक्षावर. पॅनेल उघडणाऱ्या कामगाराला बळीचा बकरा केलं नाही, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : खराब नग चुकून गेला असं लक्षात येताच लेखी कळवलंत तर ती गुणवत्तेची चूक राहते. कळूनही गप्प राहिलात, किंवा दाखल्यावर न केलेल्या तपासणीची सही केलीत, तर ती व्यक्तिशः तुमची फौजदारी जबाबदारी होऊ शकते. साहेब 'माल आज गेलाच पाहिजे' म्हणाले तरी सही तुमचीच असते.

प्रश्न (गंगापूर रोड) : विमानात सगळ्यात सुरक्षित सीट कोणती?

उत्तर : अशी सीट नाही. बसल्यावर पुढच्या आणि मागच्या दाराकडे किती रांगा आहेत ते मोजा, धुरात हातानं चाचपत जाता येतं. आणि बाहेर पडताना बॅग घेऊ नका. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान जळत असताना ३७९ च्या ३७९ जण बाहेर आले, त्यात सामान मागे सोडण्याच्या शिस्तीचा मोठा वाटा होता.

प्रश्न (पंचवटी) : मागे एकदा विमानाला दोन तास उशीर झाला. एक यंत्र बिघडलेलं आहे पण चालतं, असं कर्मचारी म्हणाला आणि तसंच उडवलं! बिघडलेलं विमान उडवायची परवानगी असतेच कशी?

उत्तर : असते, आणि ती नियमात बसवलेली असते. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी 'किमान उपकरण यादी' असते. कोणता भाग बंद असताना, कोणत्या अटींवर, किती दिवस उडता येईल हे तीत लिहिलेलं असतं. 'बी' गटाचा बिघाड तीन दिवसांत, 'सी' गटाचा दहा दिवसांत, 'डी' गटाचा १२० दिवसांत दुरुस्त करायचा. बिघाड नोंदवलेला दिवस मोजत नाहीत. 'ए' गटात मुदत त्या नोंदीतच दिलेली असते. जे यादीत नाही आणि उड्डाणाच्या सुरक्षेशी संबंधित आहे, ते चालूच असलं पाहिजे.

उदाहरणं घ्या. उतरल्यावर इंजिनाचा जोर उलटा फिरवणारी यंत्रणा एका बाजूची बंद असेल, तर ती यांत्रिकपणे कुलूपबंद करून विमान नेता येतं. शेपटीतलं छोटं सहायक इंजिन बंद असेल तर चालतं, पण मग इंजिन चालू करायला जमिनीवरून हवेचा आणि विजेचा पुरवठा लागतो. हवामान रडार बंद असेल तर वाटेत गडगडाटी ढगांचा अंदाज नसेल तरच निघता येतं. म्हणजे तोच बिघाड जानेवारीत चालून जातो आणि जुलैत नाशिकचं विमान 'तांत्रिक कारणानं' रद्द होतं. प्रवाशांना ही लपवाछपवी वाटते, पण नियम नीट पाळला तर असंच दिसणार.

परवानाधारक अभियंता विमानाच्या तांत्रिक वहीत नोंद करतो आणि विमान सेवेसाठी सोडल्याची सही करतो. शेवटचा निर्णय कॅप्टनचा. यादीत बसत असूनही तो 'नाही' म्हणू शकतो. पाणी मुरतं ते एकेक बिघाडात नाही, बेरजेत : तीन वेगवेगळे बिघाड, प्रत्येक नियमात बसणारा, पण एकत्र आल्यावर वैमानिकाचं काम दुप्पट करणारे. आणि मुदत संपता संपता भाग दुसऱ्या विमानातून काढून इथे बसवायचा, हा खेळ. नियामकाचा निरीक्षक तांत्रिक वही उघडतो तेव्हा एकाच बिघाडाच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या नोंदी आधी बघतो, त्या यासाठी.

उशीर झाला म्हणून काउंटरवरच्या पोरावर ओरडू नका. दोन तास उशिरा सही करणारा अभियंता आपलं काम करत होता.

प्रश्न (इंदिरानगर आणि देवळाली कॅम्प, दोन पत्रं एकत्र) : कंपन्या स्वतःच स्वतःची तपासणी करतात आणि सरकार शिक्का मारतं, असंच ना? मग डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक, कशाला हवं?

उत्तर : अर्धं खरं आहे. जगात कुठल्याच नियामकाकडे प्रत्येक रिव्हेट पाहायला माणसं नाहीत, त्यामुळे बरीच तपासणी कंपनीतल्याच अधिकृत माणसांकडे सोपवली जाते. हे सोपवणं ठीक, पण सोपवून झोपून जाणं घातक.

१९७२ मध्ये कॅनडातल्या विंडसरवर एका डीसी-१० विमानाचा सामानाचा दरवाजा हवेत उघडला. विमान कसंबसं उतरलं. दुरुस्ती बंधनकारक करण्याऐवजी नियामकाचे आणि कंपनीचे प्रमुख 'आपसांत समजुतीनं करू' यावर थांबले. ३ मार्च १९७४ ला पॅरिसजवळ तुर्की एअरलाइन्सच्या डीसी-१० चा तोच दरवाजा उडाला, ३४६ जण गेले. त्या विमानावर दुरुस्ती झाल्याचे निरीक्षकांचे शिक्के कारखान्याच्या नोंदीत होते. दुरुस्ती झालेली नव्हती.

पंचेचाळीस वर्षांनी ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत, ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९, मिळून पुन्हा ३४६ जण गेले. नाक खाली दाबणाऱ्या एमकॅस या प्रणालीला एकाच संवेदकाचं ऐकायची सवय लावलेली होती. नियामकाला दिलेल्या सुरक्षा विश्लेषणात ती शेपटीचा पंख एका वेळी ०.६ अंश हलवेल असं होतं. चाचण्यांनंतर तो आकडा २.५ अंश झाला, पण विश्लेषण तसंच राहिलं. वैमानिकांच्या पुस्तिकेत तर या प्रणालीचं नावही नव्हतं. पहिल्या अपघातानंतर बोटं वैमानिकांकडे आणि विमान कंपनीच्या देखभालीकडे वळली होती. दुसरा झाला नसता तर कदाचित तिथेच वळलेली राहिली असती.

नीट चाललेली यंत्रणा कशी दिसते त्याचंही उदाहरण आहे. ३० ऑक्टोबर २०२५ ला जेटब्लूच्या ए-३२० नं अचानक नाक खाली घातलं, काही प्रवासी जखमी झाले. तीव्र सौर किरणोत्सर्गानं उड्डाण नियंत्रण संगणकातली माहिती बिघडू शकते असं दिसल्यावर २८ नोव्हेंबरला जगभरातल्या सुमारे सहा हजार विमानांसाठी बंधनकारक आदेश निघाला. बहुतेकांचं सॉफ्टवेअर आधीच्या आवृत्तीवर नेलं गेलं. भारतात तीनशेहून जास्त विमानं होती, दोन-तीन दिवसांत काम उरकलं. कोणी मेलं नसताना एवढं झालं, म्हणून त्याची बातमी लोक विसरूनही गेले.

आणि आपल्या घरचं उदाहरण तितकं चांगलं नाही. वैमानिकांच्या थकव्याबद्दलचे नवे नियम, म्हणजे आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास आणि रात्रीचं विमान उतरवणं सहा वेळांवरून दोनवर, ठरून बराच काळ झाला होता. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. इंडिगोची माणसांची तयारी अपुरी पडली, डिसेंबरच्या सुरुवातीला हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि डीजीसीएनं त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. विमानतळावर अडकलेल्यांना सूट हवीच होती, हे मान्य. पण तयारी न करणाऱ्याला शेवटी नियमच वाकून मिळतो, हा धडा इतर कंपन्याही शिकतात. त्यात संसदीय समितीनं २०२५ मध्ये नोंदवलेलं पाहा : डीजीसीएची मंजूर पदं जवळपास निम्मी रिकामी. डीजीसीए कशाला हवं, यापेक्षा ते अर्धंच का आहे, हा प्रश्न तुमच्या खासदारांना विचारा.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत) : अपघातानंतर कंपनी एक कोटी जाहीर करते, पंचवीस लाख तातडीनं देते. मग कायद्यानं मिळणारी भरपाई वेगळी का तेच ते? वारसांनी काय करावं?

उत्तर : वेगळी. अहमदाबादनंतर टाटा समूहानं जाहीर केलेला एक कोटी हा त्यांनी स्वतःहून दिलेला, आणि विमान कंपनीचे पंचवीस लाख अंतरिम. कायदेशीर भरपाई माँट्रियल करारानुसार, म्हणजे विमान कंपन्यांच्या जबाबदारीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, ठरते. भारत त्यात २००९ पासून आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली, तर कंपनीची चूक सिद्ध न करताही १,५१,८८० एसडीआरपर्यंतचं सिद्ध झालेलं नुकसान मागता येतं. ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासूनची. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. दर रोज बदलतो, पण रक्कम पावणेदोन ते दोन कोटी रुपयांच्या घरात जाते. त्यापुढचा दावा टाळायचा तर आपली चूक नव्हती हे कंपनीला दाखवावं लागतं.

महत्त्वाची खोच तिकिटात आहे. ओझर-दिल्ली-लंडन असं एकाच आरक्षणावर गेलात, तर ओझर-दिल्ली हा तुकडाही आंतरराष्ट्रीय प्रवास धरला जातो. दोन वेगळी तिकिटं काढली तर पहिला तुकडा देशांतर्गत, आणि त्याच्या मर्यादा भारत सरकारच्या वेगळ्या अधिसूचनेतल्या, रुपयांत ठरलेल्या. परदेशी शिकणाऱ्या मुलाचं तिकीट काढताना हजार-दोन हजार वाचवण्याआधी हे पाहावं. जमिनीवर मेलेल्यांना हा करार लागू नाही, त्यांचा दावा साध्या दिवाणी कायद्यानं चालतो. विमान किंवा भाग बनवणाऱ्यावरचा दावा त्याहून निराळा, बहुधा त्या देशाच्या कोर्टात.

वारसांनी आधी मृत्यूचा दाखला, वारस दाखला, बोर्डिंग पास किंवा तिकिटाची प्रत, आणि मृताच्या उत्पन्नाचे पुरावे जमवावेत : तीन वर्षांची आयकर विवरणं, शेती असेल तर सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या. द्राक्षबागाईतदारांच्या दाव्यात उत्पन्न सिद्ध करणं हीच मोठी अडचण होते, कारण बरंच रोखीत असतं. अंतरिम रक्कम घ्यायला हरकत नाही, ती पुढे वजा होते. मात्र 'पूर्ण आणि अंतिम' असे शब्द असलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. दावा दोन वर्षांच्या आत, विमान पोचायला हवं होतं त्या दिवसापासून मोजून. ही मुदत गेली की हक्कच संपतो. मृताचं कायमचं घर भारतात असेल तर दावा भारतातही लावता येतो.

किती मिळू शकतं? २०१० च्या मंगळुरू अपघातातल्या एका कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ७.६४ कोटी मंजूर केले. त्याला दहा वर्षं लागली, हेही लिहून ठेवा.

प्रश्न (सातपूर) : पॉवर बँकेवरून विमानात एवढा धाक का? प्रवाशामुळे आग लागली तर जबाबदारी प्रवाशाची का?

उत्तर : जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान जमिनीवरच जळालं, आगीची सुरुवात वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेतून झाल्याचं दिसलं. सगळे वाचले, कारण विमान अजून उडालं नव्हतं. लिथियम बॅटरी आतून तापत जाते, विझवली तरी पुन्हा पेटते, म्हणून ती विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकायला बंदी आहे. तिथे पाणी घेऊन कोणी पोचू शकत नाही. बंदी मोडून चेक-इन बॅगेत टाकलीत तर जबाबदारी तुमची, आणि खोटी माहिती दिल्याचा प्रश्न वेगळा.

मर्यादा १०० वॉट-तास. हिशेब सोपा : मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ भागिले १०००. वीस हजारांची बँक म्हणजे ७४ वॉट-तास, चालते. तीस हजारांची १११, तिला कंपनीची परवानगी लागते. आकडा पुसला गेला असेल तर ती सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाते. फुगलेली, पडून चेपलेली किंवा मेन रोडवरून घेतलेली बिनानावाची बँक घरीच ठेवा. चांगली बँक हातातल्या बॅगेत, सीटखाली ठेवा, वरच्या कप्प्यात नको, आणि उड्डाणात तिच्यावर फोन चार्ज करू नका.

फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करू नका, उठूही नका. बटण दाबून कर्मचाऱ्यांना बोलवा. सीटच्या लोखंडी पट्टीत चिरडलेली बॅटरी काही सेकंदांत पेटते, आणि तिच्यासाठी लागणारे हातमोजे आणि पिशवी त्यांच्याकडे असते.